ऑफिसचे मेल मोबाईलवर आपोआप आणायचे, तर निम्मे वाटेत का गळतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची पेढी आहे. वेबसाइट ज्या होस्टिंगवर, तिथंच पेढीचा ई-मेल पत्ता आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक. मालक सौद्यांच्या निमित्तानं दिवसभर बाहेर, कधी तासगावला, कधी कोल्ड स्टोरेजवर. मेल आपोआप मोबाईलवर यावेत म्हणून खासगी जीमेलवर फॉरवर्ड लावलं. आता काही मेल येतात, काही येत नाहीत, आणि उत्तर दिलं की ते खासगी जीमेलवरून जातं.

पहिली गोष्ट: तुम्हाला बहुतेक फॉरवर्डिंग नकोच आहे. फॉरवर्ड लावणं म्हणजे आलेल्या प्रत्येक मेलची प्रत दुसऱ्या पत्त्याकडे रवाना करणं. ती पोचेल की नाही हे पलीकडच्या सर्व्हरच्या मर्जीवर. त्याऐवजी पेढीचं खातंच मोबाईलमध्ये जोडलं, तर प्रत वगैरे काही निघत नाही. ऑफिसचा कॉम्प्युटर आणि मालकांचा फोन एकाच मेलबॉक्सकडे पाहतात. इथं वाचलेला मेल तिथंही वाचलेला दिसतो, दिलेलं उत्तर दोन्हीकडच्या ‘सेंट’मध्ये राहतं आणि मुख्य म्हणजे ते पेढीच्या पत्त्यावरून जातं. परदेशी खरेदीदाराला काल कंपनीच्या पत्त्यावरून कोटेशन आणि आज कुठल्याशा जीमेलवरून बँकेचा तपशील आला, तर त्याला शंका येणारच, आणि यायलाच हवी.

फॉरवर्डिंग दोनच कामांसाठी ठेवा: ठराविक मेल ठराविक माणसाकडे पाठवायला आणि जुना पत्ता बंद करताना नव्याकडे वळवायला.

आधी ऑफिसचा कॉम्प्युटर तपासा

मोबाईलला हात लावण्याआधी ऑफिसमधलं आउटलुक ‘पॉप’वर आहे की ‘आयमॅप’वर, ते बघा. सर्व्हरवरचे मेल आणायच्या या दोन पद्धती. आयमॅप मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या उपकरणांवर तोच दाखवतं; वर सांगितलेला एकच मेलबॉक्स त्यानं मिळतो. ‘फाइल’, मग ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडलं की खात्याच्या नावासमोर प्रकार लिहिलेला असतो. जुन्या पेढ्यांमध्ये हटकून पॉप सापडतं. टपालपेटीतली पत्रं काढून कपाटात ठेवावीत तसं पॉप काम करतं: मेल सर्व्हरवरून उतरवतं आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसूनही टाकतं. मग मोबाईलवर खातं कितीही नीट जोडा, सकाळी ऑफिस उघडून कॉम्प्युटर सुरू झाला की इनबॉक्स रिकामा. ‘रात्री मोबाईलवर मेल येतात, दिवसा येत नाहीत’ अशी तक्रार ऐकली की नव्वद टक्के कारण हेच असतं, असं डोळे मिटून समजायला हरकत नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे पॉप खात्याच्या ‘मोअर सेटिंग्ज’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर’वर खूण करणं. त्याखाली किती दिवसांनी पुसायचं ते विचारलेलं असतं; बऱ्याच ठिकाणी १४ दिवस असतात. कायमचा उपाय म्हणजे ऑफिसमध्येही तेच खातं आयमॅपनं जोडणं. पण पॉपचं खातं घाईनं काढून टाकू नका. जुने मेल कॉम्प्युटरमधल्या एकाच पीएसटी फाइलमध्ये असतात. आधी आउटलुक बंद करून त्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. नंतर आयमॅप खातं वेगळं जोडा आणि जुनी फाइल नुसती वाचण्यापुरती उघडी ठेवा. जुने सगळे मेल ओढून आयमॅपमध्ये टाकण्याचा मोह आवरा, कारण ते सर्व्हरवर चढतात आणि सर्व्हरवरची जागा मोजकी असते.

ही जागेची गोष्ट आयमॅपवर जाताना हमखास विसरली जाते. पॉप होतं तोवर मेलबॉक्स आपोआप रिकामा होत होता. आता तो भरत जाणार. रोज ५ एमबीचे १० मेल आले, तर १ जीबीचा मेलबॉक्स २० दिवसांत भरतो. बेदाण्याच्या पेट्यांचे फोटो, लॅब रिपोर्ट, स्कॅन केलेली बिलं या हिशेबात सहज बसतात. मेलबॉक्स भरला की समोरच्याला मेल परत जातो. तुम्हाला मात्र काहीच कळत नाही. म्हणून होस्टिंगवाल्याकडून जागा वाढवून घ्या किंवा महिन्याला जुने मेल कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये हलवा. कागदपत्रं २०० डीपीआयवर करड्या रंगात स्कॅन करायला ऑफिसमधल्या मुलांना सांगितलं, तरी निम्मा प्रश्न सुटतो.

मोबाईलमध्ये खातं जोडताना

होस्टिंगचं नियंत्रण-पान सी-पॅनल असेल तर ‘ईमेल अकाउंट्स’मध्ये पत्त्यासमोर ‘कनेक्ट डिव्हायसेस’ असं बटण आहे. लागणारी सगळी माहिती तिथं मिळते. कुणाला फोन करायची गरज नाही. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा ५८७ आणि स्टार्ट-टीएलएस. युजरनेम म्हणजे पूर्ण ई-मेल पत्ता. नुसतं पुढचं नाव टाकलं की पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येतो आणि माणूस उगाच पासवर्ड बदलत बसतो. जाणाऱ्या सर्व्हरलाही युजरनेम-पासवर्ड द्यावा लागतो. ‘मेल येतात पण जात नाहीत’ याचं कारण बहुधा तो भरलेला नसतो, किंवा पोर्ट २५ टाकलेलं असतं. २५ हे सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचं पोर्ट आहे, फोनसाठी नाही. १४३ आणि ११० ही विनासुरक्षेची जुनी पोर्ट कुणी सुचवली तरी वापरू नका.

अँड्रॉइडवर जीमेल ॲप उघडा, वर उजवीकडच्या फोटोवर टिचकी मारा, ‘ॲड अनदर अकाउंट’, मग ‘अदर’, मग पत्ता टाकून ‘पर्सनल (आयमॅप)’ निवडा आणि वरची माहिती भरा. आयफोनवर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’, ‘मेल’, ‘मेल अकाउंट्स’, ‘ॲड अकाउंट’, ‘अदर’ हा रस्ता; जुन्या आयओएसमध्ये मधली ‘ॲप्स’ ही पायरी नसते. प्रमाणपत्राचं नाव जुळत नाही असा इशारा आला, तर ‘सगळी प्रमाणपत्रं स्वीकारा’ हा पर्याय टाळा. तुमच्या डोमेनच्या नावाऐवजी होस्टिंगवाल्यानं दिलेलं सर्व्हरचं मूळ नाव टाका, इशारा जातो.

मेल गूगल वर्कस्पेसवर किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल, तर यातलं काहीच लागत नाही. जीमेलच्या किंवा आउटलुकच्या मोबाईल ॲपमध्ये पत्ता टाकून साइन-इन केलं की झालं. इथं ‘आउटलुक’ या नावानं गोंधळ होतो. कॉम्प्युटरवर आउटलुक दिसतं म्हणजे मेल मायक्रोसॉफ्टकडेच आहे असं नाही. आउटलुक कुठल्याही सर्व्हरचा मेल दाखवतं. ब्राउझरमध्ये मेल बघायला तुम्ही कुठलं पान उघडता ते पाहा. राउंडक्यूब हे होस्टिंगसोबत मिळणारं मेलचं पान दिसलं तर मेल साध्या होस्टिंगवर आहे. झोहोची मोफत योजना असेल तर तिच्यात आयमॅपही मिळत नाही आणि फॉरवर्डिंगही. झोहोचंच मोबाईल ॲप वापरा, ते चांगलं चालतं.

मेल येतो, पण उशिरा

जीमेल ॲपमध्ये आयमॅपनं जोडलेलं खातं दर १५ मिनिटांनी तपासलं जातं; त्याहून लवकरची सोय त्यात नाही. जीमेलचे स्वतःचे मेल क्षणात येतात आणि पेढीचे रेंगाळतात, ते यामुळे. कोटेशनला पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही. पण सौदा चालू असताना भावाचा मेल हवा असेल, तर अँड्रॉइडवर थंडरबर्ड किंवा त्याचा मूळ अवतार के-९ मेल घ्या आणि इनबॉक्स फोल्डरसाठी ‘पुश’ चालू करा. सर्व्हरशी जोडणी सतत उघडी राहते आणि मेल आल्याआल्या घंटी वाजते. सूचनापट्टीत एक चिन्ह कायम दिसत राहील, त्याला हटवू नका. आयफोनच्या मेल ॲपमध्ये अशा खात्याला पुश मिळत नाही. ‘फेच न्यू डेटा’मध्ये १५ मिनिटं ठेवा. तिथला ‘ऑटोमॅटिकली’ हा पर्याय फसवा आहे: फोन चार्जिंगला आणि वायफायवर असेल तेव्हाच तो पार्श्वभूमीत मेल आणतो, म्हणजे दिवसभर बाहेर असलेल्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

त्यातही फोनची बॅटरी वाचवण्याची हौस आड येते. रेडमी-शाओमीवर त्या ॲपच्या माहितीच्या पानावर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा आणि बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ ठेवा. सॅमसंगवर ‘बॅकग्राउंड युसेज लिमिट्स’मध्ये जाऊन मेलचं ॲप ‘नेव्हर स्लीपिंग’च्या यादीत टाका. व्हिवो, ओप्पो, रिअलमीवर पार्श्वभूमीत चालायची परवानगी वेगळी द्यावी लागते. हे न करता ‘ॲप उघडलं की मेल येतात’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. जतकडे किंवा आटपाडीकडे गेल्यावर रेंज गेली, तर काळजी नको: मेल सर्व्हरवर थांबतो, हरवत नाही, रेंज आली की उतरतो.

तरीही फॉरवर्ड लावायचं असेल

काही कामांना ते लागतं. निर्यातीचे मेल भागीदाराला जावेत, किंवा ठराविक खरेदीदाराचा मेल रात्रीही दिसावा. द्राक्षांच्या हंगामात युरोपातल्या खरेदीदारांचे मेल त्यांच्या दुपारी निघतात; आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ किंवा रात्र झालेली असते.

सी-पॅनलमध्ये ‘फॉरवर्डर्स’, मग ‘ॲड फॉरवर्डर’. पत्त्याचा मेलबॉक्स आधीपासून असेल तर मेल तिथंही पडतो आणि प्रतही जाते. मेलबॉक्सच नसेल तर नुसता पुढं जातो, मागं काही उरत नाही. सगळे मेल नकोत, निवडकच हवेत, तर ‘ईमेल फिल्टर्स’मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता किंवा विषयातला शब्द देऊन ‘रिडायरेक्ट टू ईमेल’ ही कृती निवडा. फिल्टर लावल्यावर एक चाचणी मेल पाठवून मूळ इनबॉक्समध्ये प्रत राहते का ते जरूर पाहा. राहत नसेल तर त्याच फिल्टरमध्ये ‘डिलिव्हर टू फोल्डर’ ही दुसरी कृती जोडा.

जीमेल किंवा वर्कस्पेसवर हे काम ॲपमधून होत नाही, ब्राउझरच लागतो. दातेरी चाकावरून ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’, ‘ॲड अ फॉरवर्डिंग ॲड्रेस’. ज्या पत्त्यावर पाठवायचं तिथं पुष्टीचा मेल जातो. तो मान्य केल्यावर परत याच पानावर येऊन ‘फॉरवर्ड अ कॉपी’ निवडायचं आणि तळाचं ‘सेव्ह चेंजेस’ दाबायचं. हे शेवटचं बटण विसरणारे फार. जीमेल फक्त नवे मेल पुढं पाठवतं, आधीचे नाही, आणि स्पॅममध्ये गेलेले तर नाहीच.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘मेल’, ‘फॉरवर्डिंग’ असा रस्ता आहे. ‘कीप अ कॉपी’वर खूण हवीच. पण बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणं तिथं मुळातच बंद असतं. सेटिंग बिनतक्रार सेव्ह होतं, मेल मात्र ५.७.५२० या क्रमांकाच्या त्रुटीसह अडतो. ॲडमिननं बाहेर जाणाऱ्या स्पॅमच्या धोरणात परवानगी दिल्याशिवाय तो सुटत नाही. कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये ‘रूल’ लावून काम भागवायचं ठरवलंत, तर नियमापुढं ‘क्लायंट-ओन्ली’ लिहिलंय का बघा. असेल तर ऑफिसला कुलूप लागून कॉम्प्युटर बंद झाला की फॉरवर्डही बंद.

काही मेल येतात, काही गायब

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे. समजा पुण्याच्या एका कंपनीनं तुम्हाला मेल पाठवला. तिच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत लिहिलेलं असतं की आमचे मेल फक्त या-या सर्व्हरवरून निघतात. तुमच्या होस्टिंगनं तो मेल जीमेलकडे ढकलला की जीमेलला दिसतं, नाव पुण्याच्या कंपनीचं आणि मेल मात्र तिसऱ्याच सर्व्हरवरून आलाय. एसपीएफ इथं नापास होतं. डीकेआयएम ही दुसरी सही मेलच्या आतच असते, त्यामुळे मजकूर न बदलता पुढं गेलेला मेल तिच्या जोरावर तरतो. पण पाठवणाऱ्यानं ती सही लावलीच नसेल, किंवा तुमच्या सर्व्हरनं विषयात ‘स्पॅम’ असा शब्द चिकटवून किंवा तळाशी सूचना जोडून मजकूर बदलला असेल, तर तीही नापास. आणि या दोन्ही तपासण्या नापास झाल्यावर मेलचं काय करायचं हे सांगणारं पाठवणाऱ्याचं डीमार्क धोरण ‘रिजेक्ट’ असेल, तर जीमेल तो मेल ५.७.२६ त्रुटी देऊन दारातूनच परतवतं. म्हणून एकाचा मेल येतो आणि दुसऱ्याचा नाही. त्यात तुमच्या फोनचा काही दोष नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलनं ही तपासणी आणखी कडक केली, त्यामुळे वर्षानुवर्षं सुरळीत चाललेली फॉरवर्डिंगं अडखळू लागली.

यात आणखी एक लाजिरवाणा प्रकार होतो. परतलेल्या मेलची सूचना तुम्हाला येत नाही, मूळ पाठवणाऱ्याला जाते, आणि तिच्यात मालकांचा खासगी जीमेल पत्ता छापलेला असतो. एसपीएफवरचा उपाय होस्टिंगवाल्याच्या हातात आहे: सर्व्हरवर ‘एसआरएस’ चालू करा असं त्याला लेखी कळवा. त्यानं लिफाफ्यावरचा पाठवणारा बदलून तुमच्या सर्व्हरच्या नावाचा होतो आणि एसपीएफ पास होतं. डीमार्कसाठी मात्र डीकेआयएमच टिकायला हवं, म्हणून विषयात शब्द चिकटवणं बंद करा.

स्पॅम फॉरवर्ड करणं हे दुसरं दुखणं. पेढीचा पत्ता वेबसाइटवर असतो, त्यावर कचरा येणारच. तो सगळा तुमच्या सर्व्हरनं जीमेलकडे पाठवला, तर जीमेलच्या लेखी कचरा पाठवणारा तुमचा सर्व्हर ठरतो आणि चांगले मेलही रखडतात. आधी होस्टिंगवरचा स्पॅम फिल्टर चालू, मगच फॉरवर्ड.

मेलला जोडलेल्या मोठ्या फाइलींचंही ध्यानात ठेवा. मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशानं फुगते, म्हणजे २० एमबीचे फोटो २७ एमबीच्या आसपास जातात. जीमेलवरून २५ एमबीपेक्षा मोठा मेल जात नाही, त्यामुळे १८ एमबीच्या वर गेलात की ड्राइव्हची लिंक बरी.

चाचणी घेताना सगळे एकाच खड्ड्यात पडतात: ज्या जीमेलवर फॉरवर्ड लावलंय, तिथूनच पेढीच्या पत्त्यावर मेल पाठवतात आणि तो परत न दिसल्यानं सेटिंग उचकटतात. जीमेल आपणच पाठवलेला मेल परत आला तर ओळखतं आणि इनबॉक्समध्ये पुन्हा दाखवत नाही. चाचणी नेहमी तिसऱ्याच पत्त्यावरून घ्या. दोन पत्ते एकमेकांकडे फॉरवर्ड होत नाहीत ना, तेही तपासा, नाहीतर मेल गोल फिरत राहतो आणि शेवटी ‘टू मेनी हॉप्स’ म्हणून परततो.

जीमेलमध्ये ‘चेक मेल फ्रॉम अदर अकाउंट्स’ ही पॉपनं मेल ओढून आणायची जुनी सोय अजून बरेच जण सुचवतात. ती २०२६ पासून काढून घेत असल्याचं गूगलनं जाहीर केलं आहे, तेव्हा नव्यानं त्यावर काही उभारू नका.

कुणाच्या हातात काय जातंय

सरकारी पत्त्यावरचे मेल खासगी पत्त्यावर फॉरवर्ड करायला भारत सरकारच्या ई-मेल धोरणात परवानगी नाही. ओळखीतल्या एखाद्या अधिकाऱ्याला हा लेख पाहून तसं करावंसं वाटलं, तर त्यांनी थांबावं. खासगी कंपनीत नोकरीला असाल, तर आधी आयटी विभागाला विचारा.

पेढीतल्या मुलाच्या खासगी जीमेलवर फॉरवर्ड लावलं आणि तो नोकरी सोडून गेला, तर फॉरवर्ड तसंच चालू राहतं; भाव, ग्राहक, सगळं त्याच्याकडे जात राहतं. फसवणूक करणारेही हीच वाट धरतात. पासवर्ड मिळाला की ते गुपचूप फॉरवर्डचा नियम लावतात, आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचतात, आणि नेमक्या पैशाच्या वेळी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल टाकतात. पासवर्ड बदलला तरी तो नियम जागेवर राहतो. म्हणून महिन्यातून एकदा फॉरवर्डर्स, फिल्टर्स आणि रूल्स या तिन्ही याद्या उघडून बघा आणि खातेबदलाचा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

पासवर्ड बदलल्यावरची एक अडचण शेवटी सांगतो, कारण ती कुणाच्या ध्यानात येत नाही. ऑफिसच्या वायफायवरचा एखादा जुना फोन किंवा कॉम्प्युटर जुनाच पासवर्ड वापरून दर काही मिनिटांनी सर्व्हरचं दार ठोठावत राहतो. सर्व्हरला तो हल्ला वाटतो आणि तो ऑफिसचा अख्खा आयपी पत्ता अडवतो. मग सगळ्यांचेच मेल एकदम बंद, कधीकधी वेबसाइटही उघडत नाही. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर मेल येतो का बघा. येत असेल तर दुसरं काही तपासत बसू नका: आधी तो जुना फोन शोधून त्यातलं खातं काढा, मग ऑफिसचा सार्वजनिक आयपी पत्ता होस्टिंगवाल्याला कळवून मोकळा करून घ्या. क्रम उलटा केलात तर तासाभरात परत अडकाल.